विहिणीचे पाय

बडोदे, १२ डिसेंबर २०२४

प्रिय केयूर,

आधी एक सांगून टाकते. नऊ वर्षं मी तुला ‘केयूरराव’ म्हणत आले, ‘अहो-जाहो’ करत आले. जावयाचा मान म्हणून. पादऱ्याला तुझ्या घरी सगळे तुला ‘केयूरिया’ अशी हाक मारायचे आणि आमच्याकडे आलास की तू पाहुण्यासारखा अवघडून बसायचास. गेल्या वर्षी कोर्टाने तुझं जावईपण काढून घेतलं आणि मी मोकळी झाले. यापुढे तू ‘अरे’ आणि ‘तुरे’. मस्कतला बसून नाक मुरडलंस तरी मला दिसणार नाही.

हे पत्र देवश्रीला सांगून लिहिते आहे. ‘तुझी मर्जी,’ म्हणाली आणि बँकेत निघून गेली. तुमचं का बिनसलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारणार नाही. दोन शहाणी माणसं रडून रडून एखादी गोष्ट ठरवतात, तेव्हा तिसऱ्याने गप्प बसावं. मात्र तुझे आभार मानायचे राहिलेत, आणि ते तुमच्या भानगडीत बुडू देणार नाही. फोन केला असता, पण फोनवर मला भांडता येतं, आभार मानता येत नाहीत.

तुझी आमच्याकडची शेवटची दिवाळी आठव. पाडव्याला तू नमस्काराला वाकलास आणि वर उठलाच नाहीस. मला वाटलं, कंबर धरली. तू माझ्या उजव्या घोट्यावर अंगठा दाबून बघत होतास. ‘आई, हा घोटा केवढा सुजलाय!’ मी म्हटलं, ‘वात आहे, वयाचा.’ त्यावर तू म्हणालास, ‘माझ्या मम्मीला वात आहे ना, तो दोन्ही पायांत आहे. तुमच्या एकाच पायात कसा?’

वर्षानुवर्षं घरात येणारं-जाणारं प्रत्येक माणूस माझ्या पाया पडलं, पण पाय कोणी बघितला नाही. तू बघितलास. आणि डॉक्टरकडे जा म्हणून जो पिच्छा पुरवलास, तो तुझं इथलं येणं थांबलं तरी माझ्या डोक्यातून गेला नाही. शेवटी गेल्या महिन्यात गेले.

अलकापुरीत पायाच्या हाडांच्या एक डॉक्टर आहेत, यशश्री. शाळेत माझ्या वर्गात होती! इतिहासात मी तिला कायम काठावर पास केलं, आणि आता तिच्या हातात करवत आहे. देवाची थट्टा बघ. तिने आधी विचारलं, ‘बाई, आजवर काय काय उपाय केलेत?’ मी अभिमानाने सांगितलं, आंबट सोडलंय. चिंच, आमसूल, दही, लिंबू, सगळं. चार वर्षं चिंचेशिवाय आमटी खाते आहे. ती इतकी हसली की बाहेरचा कंपाउंडर डोकावला. रक्त तपासलं, त्यात वाताचं काही नाही, युरिक ॲसिडचं काही नाही. मग फोटो काढला. घोट्यात दोन हाडांमध्ये गुळगुळीत कूर्चेचं अस्तर असतं, फोटोत तिथे मोकळी फट दिसायला हवी. माझ्या उजव्या घोट्यात फटच नाही, हाडावर हाड. तिने विचारलं, कधी पडला होतात? आणि मला लूना आठवली. प्रतापनगरच्या वळणावर लूनासकट घसरले होते, घोटा मोडला होता, प्लास्टर घातलं होतं, बरा झाला होता. देवश्री तेव्हा बालवाडीत होती. यशश्री म्हणाली, गुडघा वयाने झिजतो, पण घोटा बहुतेक वेळा अशा जुन्या मारानेच झिजतो, वीस-पंचवीस वर्षांनी सुद्धा. म्हणजे चिंचेचा बिचारीचा काही गुन्हा नव्हता. त्या संध्याकाळी मी दोन वाट्या कढी प्यायले.

आणि तुझे बूट. तू अहमदाबादहून आणलेस ते, जाड तळव्याचे, पुढून वर वळलेले. यशश्रीने उलटसुलट करून बघितले आणि म्हणाली, ‘हे अगदी बरोबर आहेत. घोटा न वाकवता पाऊल पुढे पडतं. कोणी आणले? तळवा झिजलेला कसा नाही?’ मी म्हटलं, बाहेर जाताना घालते ना. ‘आणि घरात?’ घरात कशी घालणार, देव आहेत, स्वयंपाक आहे. दाराबाहेर स्टँडवर असतात. ‘बाई, तुम्ही दिवसभर चालता कुठे?’ घरातच. ‘म्हणजे औषध बाटलीत आणि बाटली दाराबाहेर!’

ते बूट आता घरात आलेत. धुऊन, पुसून, फक्त घरातले म्हणून. पहिले दोन दिवस देवघरासमोरून चोरासारखी गेले. नंतर देवालाच म्हटलं, तुला काय हवंय ते सांग, नाहीतर मी चालले. घोट्याला पट्टा मिळाला आहे, व्यायाम आहेत, आणि एक इंजेक्शन द्यायचं ठरलंय. त्यानेही भागलं नाही तर ऑपरेशन.

मला अजून चालायचं आहे, केयूर. खंडेराव मार्केटला जाऊन स्वतःच्या हाताने वांगी निवडायची आहेत. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, मी अंथरूण धरलं तर देवश्री माझ्याभोवती अडकेल. आत्ता कुठे ती मान वर करून हसायला लागली आहे. तिच्या गळ्यात मला पडायचं नाही.

तू त्या दिवशी वाकून बघितलंस, त्याबद्दल मनापासून धन्यवाद.

निरुपमा


बडोदे, ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय केयूर,

तुझा आवाजातला निरोप मिळाला. तुझं मराठी बिघडलं आहे. ‘पाय कसा छे’ म्हणजे काय? पण ऐकून बरं वाटलं. तीनदा ऐकला, देवश्री आंघोळीला गेली होती तेव्हा.

इंजेक्शनची कहाणी थोडी आहे. घेतलं, आणि पंधरा दिवस मी हवेत होते. उत्तरायणाला गच्चीवर चढले. शेजारचा कुशल पतंग उडवत होता, त्याची फिरकी धरून उभी राहिले, उंधियू खाल्लं, ‘काप्यो छे’ म्हणून ओरडलेही. उतरताना शेवटच्या पायऱ्यांवर घोट्याने आपलं खरं रूप दाखवलं. आता आहे तसंच आहे, किंबहुना जास्तच. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, इंजेक्शन सूज उतरवतं, अस्तर परत आणत नाही.

तेव्हा ऑपरेशन. दोन प्रकार सांगितले. एक, कृत्रिम सांधा बसवायचा, गुडघ्यात बसवतात तसा. पण माझं जुन्या मोडणीचं हाड तिरकं जुळलेलं आहे, त्यावर तो नीट टिकायचा नाही. दुसरा, दोन्ही हाडं स्क्रूने एकमेकांना जोडूनच टाकायची. सांधा राहत नाही, म्हणून दुखणंही राहत नाही. मी हबकले. घोटाच वाकणार नाही? डॉक्टर म्हणाली, ‘बाई, तो आताही कुठे वाकतोय? फक्त दुखतोय.’ पुढचे लहान सांधे थोडं काम उचलतात. उकिडवं बसता येणार नाही, मांडी घालता येईल. पटलं मला. इतिहासात कच्ची होती, पण समजावून सांगायला पक्की आहे.

अडचण वेगळीच आहे. हाडं जुळेपर्यंत सहा-आठ आठवडे तो पाय जमिनीला टेकवायचा नाही. म्हणजे पाणीसुद्धा दुसऱ्याने आणून द्यायचं. आणि देवश्रीला बँकेने बंगळूरला प्रशिक्षणासाठी निवडलंय, मार्चपासून चार महिने. ते केलं की मॅनेजर. इतकी वर्षं ती याची वाट बघत होती. मला सांगितलंच नाही तिने, पत्र तिच्या पर्सबाहेर डोकावत होतं म्हणून कळलं. ती म्हणते, मी नाही म्हणून कळवते. मी म्हणते, मग मी ऑपरेशन पुढच्या वर्षी करते. ती म्हणते, तू रोज रात्री कण्हतेस ते मला ऐकू येत नाही असं वाटतं का? मी म्हणते, कानात बोळे घाल. दोघी एकमेकींसाठी एवढा त्याग करतो आहोत की घरात श्वास घ्यायला जागा उरली नाही.

पगारी बाई मिळते, पण चोवीस तास राहणारी, उचलून बसवणारी, भरवशाची? दोन बघितल्या. एक माझ्यापेक्षा म्हातारी होती आणि दुसरीला मराठी, गुजराती, हिंदी यांतलं काही येत नव्हतं.

हे सगळं तुला का लिहिते आहे? कोणाला तरी लिहावंसं वाटलं म्हणून. तू काही करू नकोस. पुन्हा सांगते, काही करायचं नाही.

निरुपमा


बडोदे, २३ मार्च २०२५

केयूर,

काही करू नकोस म्हटलं होतं ना?

सहा तारखेला ऑपरेशन झालं. चांगलं झालं. देवश्रीने बंगळूरला जाणं तीन आठवडे पुढे ढकलून घेतलं होतं आणि मनातून ‘नाहीच जायचं’ असं ठरवून बसली होती. दवाखान्यातून आम्ही घरी आलो, मला पलंगावर ठेवलं, आणि बेल वाजली. दारात तुझी आई. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पादऱ्याच्या तोंडल्यांची. देवश्रीने दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. घटस्फोटानंतर दोघी पहिल्यांदा समोरासमोर येत होत्या. मला पलंगावरून दोघींची पाठ आणि पोट एवढंच दिसत होतं, म्हणून जीव टांगणीला.

कपिलाबेन म्हणाल्या, ‘दीकरा, तुं बेंगलोर जा. हुं छुं ने.’ मी आहे ना.

बस्स. आमच्या मुलीने तिच्या गळ्यात पडून जे रडायला सुरुवात केली, ते मी माझ्या प्लास्टरमधून ऐकत राहिले. कोर्टात ती रडली नव्हती.

पण मी काही इतक्या सहज ऐकणारी नाही. तुला आमच्यातलं माहीत आहे. मुलीच्या आईने विहिणीपुढे हात जोडून उभं राहायचं. विहीण रुसते, आपण मनवायचं. पापड मऊ लागला म्हणून लग्नात ताटावरून उठलेल्या विहिणी मी बघितल्या आहेत. तिच्या हातून पाणी मागून प्यायचं म्हणजे आमच्या सात पिढ्या शरमतील. पाणी सोड, हिने तर माझं शौचाचं भांडंही उचललं. आणि ही आता विहीणसुद्धा राहिली नव्हती! मी म्हटलं, ‘कपिलाबेन, आपलं आता नातं तरी काय? मी तुमच्याकडून कुठल्या तोंडाने करून घेऊ?’

पदर खोचत म्हणाल्या, ‘छूटाछेडा छोकरांओए लीधा. में क्यां लीधा छे?’

घटस्फोट पोरांनी घेतला, मी कुठे घेतलाय! मी तिच्याच हातून पाणी मागून प्यायले. देवश्रीला सांगू नकोस.

तेव्हापासून आमचा संसार चालू आहे. पहिला आठवडा आमटीवरून युद्ध. त्यांना डाळीत गूळ भरपूर लागतो, मला आता चिंच सोडवत नाही. तह असा झाला की एक दिवस बडोद्याचा, एक दिवस पादऱ्याचा. उशा रचून माझा पाय छातीच्या वर कसा ठेवायचा, ते डॉक्टरांनी एकदा सांगितलं आणि त्यांनी लक्षात ठेवलं. मी जरा पाय खाली सोडला की शेजारच्या खोलीतून हाक येते, ‘निरुपमाबेन!’ त्यांना दिसतं कसं? दुपारी दोघी मिळून टीव्हीवर गुजराती मालिका बघतो, मी सगळ्या सुनांची बाजू घेते आणि त्या सगळ्या सासवांची.

एक मात्र कळत नाही. इतक्या उकाड्यात ही बाई पायात मोजे घालून वावरते. विचारलं तर म्हणते, टाइल्स थंड लागतात. मार्च महिन्यात बडोद्यात कुठली टाइल थंड लागते?

तुला रागावण्यासाठी पत्र लिहायला घेतलं होतं. तूच पाठवलंस ना तिला? ती म्हणते, केयूरने फक्त बातमी दिली, बस मी स्वतः पकडली. दोघंही एकाच माळेचे मणी. तुझ्या आईने माझ्या मुलीचे चार महिने वाचवले. मी मनातल्या मनात तिला किती वेळा नमस्कार करते, ते तिला कळलं तर ती पादऱ्याला पळून जाईल.

देवश्री काल रात्रीच्या गाडीने गेली. स्टेशनवर जाताना बॅग उचलून म्हणाली, ‘आई, कपिलामम्मीला माझ्या खोलीत झोपव.’

निरुपमा


बडोदे, ३० एप्रिल २०२५

प्रिय केयूर,

प्लास्टर निघालं. आता गुडघ्याखाली एक भला मोठा बूट आला आहे, अंतराळात जायचा असावा तसा. हाडं जुळायला लागली आहेत, थोडा भार टाकायला परवानगी मिळाली. वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत स्वतः जाते. पहिल्यांदा पाऊल टेकवलं तेव्हा दुखण्याची वाट बघत उभी राहिले. आलंच नाही. सूज आहे, ती वर्षभरही रेंगाळते म्हणे, पण आतलं ते करवतल्यासारखं दुखणं गेलं. मी तशीच उभी राहून रडले. डॉक्टरांना वाटलं दुखतंय.

तुझी आई मजेत आहे. हे वाक्य तिने सांगितलं तसं लिहिलं आहे.

तू दर रविवारी तिला फोन करतोस आणि माझ्या पायाची चौकशी करतोस, ते मी ऐकते. तिची चौकशी करतोस तेव्हा ती काय उत्तर देते, तेही ऐकते. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. शपथ घातली आहे. कोणी आणि कशाची ते विचारू नकोस.

हल्ली सकाळचा चहा मीच करते, वॉकर ओट्याला टेकवून. त्यात काही विशेष नाही. सकाळी तिला जरा उशीर होतो, इतकंच.

तू जूनमध्ये सुट्टी घेऊन येणार होतास, त्याचं काय झालं?

निरुपमा


बडोदे, १५ जून २०२५

प्रिय केयूर,

हे पत्र बसून वाच.

तुझ्या आईने मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती की केयूरला काही कळवायचं नाही. मी ती मोडते आहे. तिच्या गळ्याला काही होत नाही, मी बघितलं. होतंय ते पायांना.

एप्रिलच्या अखेरीला एका सकाळी मी वॉकर ढकलत न्हाणीघराशी गेले. दार लोटलेलं होतं. ती पाटावर बसून गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून होती. मोजे बाजूला. केयूर, तिच्या पायांची बोटं एकमेकांवर चढली आहेत. अंगठा आडवा पडलाय, तळव्यावर जाड गाठी, दोन्ही घोटे फुगलेले. त्या पायांनी ती दीड महिना माझ्यासाठी धावत होती. माझा एक घोटा दुखतो म्हणून मी जग डोक्यावर घेतलं होतं, आणि ही रोज सकाळी तासभर नळाला हात लावू शकत नव्हती, बोटं वळत नव्हती म्हणून.

मला बघून तिने आधी पाय लपवले. पाण्यात पाय लपवता येतात का? पण तिने टॉवेल टाकला.

आणि मला तुमचं लग्न आठवलं. आमच्यात मुलीची आई विहिणीचे पाय धुते. मी चांदीचं तबक, कोमट पाणी, नवी साडी असं सगळं घेऊन तिच्यापुढे बसले होते आणि तिने पाय मागे घेतले होते. ‘अमारामां आवुं नथी होतुं,’ आमच्यात असं नसतं, म्हणाली होती. आमच्या सगळ्या आत्या-माम्या कुजबुजल्या, फारच ताठा आहे. मलाही तेच वाटलं होतं. इतकी वर्षं वाटत होतं. त्या दिवशी न्हाणीघराच्या दारात तिला विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘बेन, आखा मांडवनी सामे आवा पग केम काढुं?’ सगळ्या मांडवासमोर असे पाय बाहेर काढायची तिला लाज वाटली होती. तेव्हा तर बोटं नुकती वाकडी व्हायला लागली होती.

तुला वाटतं ती औषध घेते. तीन वर्षांपूर्वी तू नंदेसरीची नोकरी सोडून मस्कतला गेलास, त्यानंतर काही महिन्यांत तिने ते बंद केलं. आठवड्यातून एकदा घ्यायची ती गोळी. घेतली की दुसऱ्या दिवशी मळमळायचं. तिला वाटलं, गरम पडते. मग पादऱ्यात कोणीतरी पुड्या देणारा भेटला. पुडी घेतली की दोन दिवसांत सूज गायब, भूक लागते, अंगात जोर. ती खूश. माझ्याकडे येताना दोन महिन्यांच्या पुड्या घेऊन आली होती आणि त्यांच्या जोरावर माझी उठाबस करत होती. मे महिन्यात पुड्या संपल्या आणि ती पडलीच. ताप, सांधे लाल, चमचा धरता येईना. त्याही अवस्थेत म्हणते, केयूरला सांगू नका, तो नोकरी सोडून येईल, आत्ताच त्याचं बस्तान बसलंय.

मी दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी यशश्री डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, हा माझा विषय नाही बाई, हाडाचा नाही, हा आतून येणारा संधिवात आहे, त्याचे डॉक्टर वेगळे. माझा घोटा झिजला होता, हिचे सांधे तिच्याच रक्तातली फौज शत्रू समजून पोखरते आहे. दोन्हीला आपण ‘वात’ म्हणतो आणि दोघी आंबट सोडून गप्प बसतो. हो, तिनेही सोडलं होतं!

त्यांनी सांगितलेल्या डॉक्टरांकडे मी तिला घेऊन गेले. मी! माझा अंतराळातला बूट आदल्याच आठवड्यात निघाला होता. रिक्षा इमारतीच्या फाटकाशी थांबली, तिथून आतपर्यंत चांगलं अंतर आहे, दोन पायऱ्या आहेत. ती माझ्या दंडाला धरून आणि मी माझ्या जोडलेल्या घोट्यावर. काही न दुखता. पाय थोडा वेगळा टाकते, पण टाकते. मध्येच लक्षात आलं, ऑपरेशन झाल्यापासून मी इतकी कधी चाललेच नव्हते. भीती वाटायला सवडच मिळाली नाही.

डॉक्टरांनी तिला मोजे काढायला सांगितले. तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली बसू शकत नाही, म्हणून स्टुलावर बसले आणि मोजे मीच काढले. डॉक्टरांनी एकेक बोट हातात घेऊन दाबून बघितलं, घोटे बघितले, हात बघितले, रक्त घेतलं. पुड्यांची गोष्ट ऐकून कपाळाला हात लावला. त्यात बहुतेक स्टेरॉइड असणार, म्हणाले. सूज दबते आणि खाली सांधा जळत राहतो, वर साखर आणि हाडं बिघडतात. स्टेरॉइड एकदम सोडायचंही नसतं, म्हणून कपिलाबेन तशी पडली. आता तेच मोजून-मापून देऊन हळूहळू कमी करतील. आठवड्याची गोळी पुन्हा सुरू केली आहे, बरोबर दुसरी एक छोटी गोळी दिली, तिने मळमळ पुष्कळ कमी झाली. एवढ्याशा गोष्टीसाठी तीन वर्षं वाया गेली. दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं.

मी सरळ विचारलं, पाय वाचतील का? ते म्हणाले, बोटं वाकडी झाली ती झाली, फार त्रास दिला तर ऑपरेशनने सरळ करता येतील. पण घोटे अजून हातात आहेत. औषध नेमाने घेतलं तर त्यांना वाचवू. ‘घोटे हातात आहेत’ हे ऐकून कपिलाबेन हसली आणि हसता हसता तिचा धीर सुटला. घरी येईपर्यंत रिक्षात रडत होती. मी म्हटलं, आता काय झालं, चांगलंच सांगितलं ना? तर म्हणाली, ‘दुखे छे के नहीं एवुं कोईए पूछ्युं ज नहोतुं.’ दुखतं का, असं तिला कोणी विचारलंच नव्हतं. अरे, विचारायला तिने संधी दिली कोणाला? तुझ्यावर मी चिडलेली नाही. तुला ती जे दाखवत होती, तेच तू बघत होतास. मोजे घातलेल्या माणसाचे पाय कोणाला दिसतात?

आता घरची हालहवाल. ती इथेच राहणार आहे, पावसाळाभर तरी. ‘पादऱ्याला जाते’ असं रोज सकाळी म्हणते आणि मी रोज सकाळी तिची चप्पल लपवते. देवश्रीने बंगळूरहून तिच्यासाठी रुंद तोंडाचे मऊ बूट पाठवले, बोटांना कुठे घासत नाहीत असे. तिने ते आधी कपाळाला लावले. मी म्हटलं, ते पायात घालायचे आहेत. सध्या आमच्या स्वयंपाकघरात दोन म्हाताऱ्या बूट घालून फोडणी देतात, आणि देवांनी अजून काही हरकत घेतलेली नाही. पंधरा दिवसांत तिच्या हातांची सूज उतरली. परवा तिने स्वतःची वेणी स्वतः घातली. दाखवायला आली मला, शाळेतली पोर येते तशी.

देवश्री महिनाअखेरीस परत येते आहे. परीक्षेत पहिली आली. हे तुला सांग असं ती म्हणाली नाही, पण सांगू नकोस असंही म्हणाली नाही.

तुझ्या घराने माझ्यासाठी जे केलं, त्याची मी परतफेड करत नाही. तसलं काही डोक्यात आणू नकोस. मला तुझी आई आवडते. हे इतक्या उशिरा कळलं, याची हळहळ आहे, आणि कळलं याचा आनंद त्याहून मोठा आहे. तुम्हा दोघांचा संसार मोडला, पण त्यातून मला ही मिळाली, आणि यासाठी मी तुमच्या दोघांची जन्मभर ऋणी आहे.

नोकरी सोडून धावत येऊ नकोस, तेवढं तिचं ऐक. सुट्टी मिळाली की ये. पादऱ्याला नाही, इथेच ये. देवश्रीला मी विचारलं आहे, ती म्हणाली, येऊ दे.

आणि एक. दर रविवारी फोन केलास की माझा पाय कसा आहे हे विचारत बसू नकोस. तो बरा आहे. तिचे पाय विचार. ती ‘सारुं छे’ म्हणेल. म्हणाली की फोन ठेवू नकोस, पुन्हा विचार.

निरुपमा